लाजेच्या भांडवलावर चालणारा धंदा

श्रीमंत बायकांना प्रेमाच्या जाळ्यात ओढून लुटणाऱ्या टोळीवरची गुन्हेमालिका कुठल्याही भाषेतली असो, पहिल्या दोन भागांत एक प्रसंग हमखास येतो. देखणा भामटा आरशासमोर उभा राहून शर्टाच्या बाह्यांची बटणं लावतो आहे, कॅमेरा त्याच्याभोवती सावकाश फिरतो आहे आणि बाजूला बसलेला साथीदार पुढच्या सावजाची माहिती वाचून दाखवतो आहे: वय किती, नवरा कधी वारला, कंपनीत हिस्सा किती, मुलं कुठे असतात. त्या बाईचा चेहरा आपल्याला अजून दिसलेला नसतो, पण तिची मालमत्ता तोंडपाठ झालेली असते. ती प्रत्यक्ष पडद्यावर येते तेव्हा आपण तिच्याकडे भामट्याच्याच नजरेने बघायला लागलेलो असतो. पुढचे दहा-बारा भाग ती नजर सुटत नाही.

माझी तक्रार या नजरेबद्दल आहे, आणि ती केवळ कलेपुरती नाही. प्रेमाच्या नावाने होणारी लूट हा आज जगातला एक मोठा, संघटित गुन्हा आहे. लुटलं गेलेलं माणूस गप्प बसतं म्हणून तो टिकतो. गप्प बसतं, कारण ऐकणारे आधी हसतील हे त्याला ठाऊक असतं. या मालिका ते हसू आधीच तयार करून ठेवतात. भामट्याच्या वाट्याला रूप आणि चातुर्य, बाईच्या वाट्याला एकटेपण आणि भोळसटपणा, ही वाटणी पडद्यावर जितक्या वेळा होते, तितकं प्रत्यक्षातल्या बाईला तोंड उघडणं अवघड होतं.

आधी रूपाचंच घेऊ. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये आंरी लांद्रू नावाचा माणूस वर्तमानपत्रांत लग्नाच्या जाहिराती देऊन विधवांना गाठत असे. माणूस टकला, दाट दाढीचा, चाळिशी उलटलेला. पोलिसांना त्याची एक वही सापडली. तिच्यात २८३ बायकांशी आलेल्या संबंधांची टिपणं होती आणि शेजारी पैशांचा हिशेब होता. गावाबाहेरच्या घरी जाताना काढलेल्या रेल्वे तिकिटांची नोंदही त्यात होती: स्वतःसाठी जाण्यायेण्याचं तिकीट, बाईसाठी फक्त जाण्याचं. दहा बायका आणि त्यांपैकी एकीचा मुलगा यांच्या खुनांबद्दल तो १९२१ मध्ये दोषी ठरला, आणि १९२२ च्या फेब्रुवारीत त्याचा शिरच्छेद झाला. या प्रकरणात मला सर्वांत भयंकर वाटते ती त्या तिकिटांची नोंद. प्रेमात आंधळं होणं एका बाजूला आणि काटकसरीने हिशेब ठेवणं दुसऱ्या बाजूला. जादू, भुरळ, मोहिनी असलं काही तिथे नव्हतं. चिकाटीने केलेलं काम होतं. तरीही खटल्याला तुडुंब गर्दी लोटत होती आणि त्याच्या हजरजबाबी उत्तरांवर न्यायालयात हशा पिकत होता. मेलेल्या बायकांच्या वतीने तिथे कोणी हजरजबाबी उत्तरं देणारं नव्हतं.

पटकथाकारांनी या कामाची रीत नीट पाहिली, तर त्यांची मालिका वेगळी होईल. सराईत माणूस पैसे मागत नाही. आधी तो ऐकतो, आठवडेच्या आठवडे ऐकतो. तिच्या वडिलांचं आजारपण, भावाशी झालेला वाद, शाळेत असताना सोडून दिलेलं गाणं, सगळं लक्षात ठेवतो. तिने एकदा सहज सांगितलेली तारीख पुढच्या महिन्यात त्याच्या लक्षात असते. सुरुवातीला ती काही देऊ करते तेव्हा तो नाकारतो; हे नाकारणं त्याच्या सगळ्या बेताचा पाया असतो. मग एक दिवस संकट येतं. ते त्याच्यावर येतं, आणि तेही बाहेरून: अपघात, अटक, गोठवलेलं खातं, शस्त्रक्रिया, सीमेवर अडकलेला माल. मदतीचा प्रस्ताव तिच्या तोंडून यावा अशी त्याची मांडणी असते. ती स्वतःहून देते, आणि पुढे आयुष्यभर हेच वाक्य तिच्याविरुद्ध वापरलं जातं.

२००७ मध्ये हेल्ग स्गार्बी या स्विस माणसाने सुझान क्लाटन यांच्या बाबतीत नेमकं हेच केलं. क्लाटन म्हणजे बीएमडब्ल्यूमध्ये मोठा वाटा असलेल्या क्वांट घराण्यातल्या, जर्मनीतल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांपैकी एक. एका आरोग्यधामात ओळख झाली. पुढे त्याने सांगितलं की अमेरिकेत त्याच्या हातून अपघात झाला, त्यात एक मूल गंभीर जखमी झालं आणि नुकसानभरपाईसाठी प्रचंड रक्कम हवी आहे. त्यांनी त्याला ७० लाख युरो दिले. अपघात झालेलाच नव्हता. या कथेची घडण पाहा. तिच्यात लोभाला जागाच नाही. एका जखमी मुलाची बाजू आहे आणि अपराधी भावनेने पोळलेला माणूस आहे. कणव असलेलं कोणीही माणूस हलेल अशी ती रचलेली होती, आणि एक कणवाळू माणूस हललं. याला मूर्खपणा म्हणायचं असेल, तर शेजाऱ्याच्या मुलासाठी रात्री दवाखान्यात धावणाऱ्यालाही मूर्ख म्हणावं लागेल.

श्रीमंत स्त्रीची कोंडी मात्र निराळी असते, आणि मालिकांनी ती फारशी कधी नीट दाखवलेली नाही. लहानपणापासून तिला एकच ताकीद मिळालेली असते: लोक तुझ्याकडे पैशासाठी येतील. प्रत्येक ओळखीकडे, प्रत्येक कौतुकाकडे संशयाने पाहायला ती शिकते. अनेकदा तो संशय खरा ठरतो, जवळच्या नात्यांतसुद्धा. मालमत्तेवरून भावंडं न्यायालयात गेलेली असतात, मुलांना मृत्युपत्राची घाई झालेली असते. अशा वेळी जो माणूस म्हणतो, "तुझ्या पैशाशी मला कर्तव्य नाही, पण तुझ्या घरच्यांना आहे, म्हणून आपलं त्यांना सांगू नकोस", तो अर्धं खरं बोलत असतो. त्या अर्ध्या सत्यावर तो उरलेलं असत्य उभारतो. तिची सावधगिरीच तिला घरच्यांपासून तोडायला कामी येते. मग ज्यांनी तिला थांबवलं असतं, तेच तिला शत्रू वाटू लागतात. अधिक सावध राहा हा सल्ला तिला देण्यात काही अर्थ नाही; सावधगिरीचाच वापर करून तिला फसवलं गेलेलं असतं.

आणि सावध राहूनही बायका लुटल्या गेल्या आहेत. अठराव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या मेरी एलिनॉर बोझ यांची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. कोळशाच्या खाणींवर उभ्या राहिलेल्या मोठ्या संपत्तीची ही एकुलती एक वारस. स्ट्रॅथमोरच्या नवव्या अर्लशी, म्हणजे एका उमरावाशी, लग्न झालं, १७७६ मध्ये तो वारला. त्यानंतर अँड्र्यू रॉबिन्सन स्टोनी नावाचा सैन्यातला अधिकारी तिच्यामागे लागला. एका वर्तमानपत्रात तिची बदनामी करणारा मजकूर छापून येऊ लागला. तिच्या अब्रूसाठी म्हणून स्टोनीने संपादकाशी द्वंद्वयुद्ध केलं आणि त्यात तो मरणासन्न जखमी झाल्याचं जाहीर झालं. मरणाऱ्याची शेवटची इच्छा म्हणून तिने १७७७ च्या जानेवारीत त्याच्याशी लग्न केलं. त्याला उचलून चर्चमध्ये आणावं लागलं होतं. लग्न झालं आणि तो लवकरच ठणठणीत बरा झाला. द्वंद्व हे नाटक होतं, आणि तो मजकूर त्यानेच लिहवून आणलेला होता असं मानलं जातं.

ही बाई भाबडी होती म्हणावं, तर तिने लग्नापूर्वीच गुपचूप दस्त करून आपली मालमत्ता नवऱ्याच्या हाती जाणार नाही अशी तजवीज केलेली होती. आजचा कोणताही वकील शाबासकी देईल असं हे पाऊल. त्याला हे कळल्यावर त्याने तिला मारझोड करून, धाकात ठेवून तो दस्त रद्द करणाऱ्या कागदावर सही करायला लावली. पुढची आठ वर्षं तिने मार खाल्ला. १७८५ मध्ये ती पळाली. पुढच्या वर्षी त्याने तिला माणसं घालून भर दिवसा पळवून नेलं. अखेर न्यायालयांनी तिची बाजू घेतली, मूळ दस्त पुन्हा लागू झाला आणि १७८९ मध्ये तिला घटस्फोट मिळाला. इतकं सगळं होऊनही त्या काळच्या छापील चर्चेत तिच्या चारित्र्याचीच चिरफाड जास्त झाली.

त्या काळी बहुतेक भामट्यांना पळून जावंही लागत नसे, हेही लक्षात घ्यायला हवं. इंग्लंडमध्ये १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यापर्यंत लग्न होताच बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई आणि तिच्या जमिनीचा ताबा आणि उत्पन्नही त्याच्याकडे जाई. मोठी घराणी विश्वस्त नेमून आडमार्ग काढत, पण मूळ नियम तो होता. म्हणजे आज ज्याला आपण फसवणूक म्हणतो ती तेव्हा विवाहाच्या पोटात कायदेशीर होती. फक्त नवऱ्याने आधी प्रेमाचं नाटक केलं की नाही, एवढाच फरक. श्रीमंत बाईचा पैसा हा खरं तर तिचा नसून तिच्याकडे तात्पुरता ठेवलेला आहे आणि कोणीतरी चलाख पुरुष तो नेणारच, ही समजूत कायदा बदलला तरी मेली नाही. गुन्हेमालिका बघताना टोळीने बाईची तिजोरी रिकामी केल्यावर प्रेक्षकाला जो एक हलका आनंद होतो, त्यात या जुन्या समजुतीचा अंश आहे असं मला वाटतं. बँकेवरच्या दरोड्यात कुणाच्या आयुष्याची कमाई गेली असं वाटत नाही म्हणून आपण दरोडेखोराच्या बाजूने होतो. इथे तर समोर एक माणूस आहे, तरीही आपण तसेच वागतो.

या स्टोनीवरूनच थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराने १८४४ मध्ये एक कादंबरी लिहायला घेतली, आणि निवेदन दिलं त्या भामट्याच्याच तोंडी. थॅकरेचा हेतू त्याला उघडं पाडण्याचा होता, वाचकाला तो खोटेपणा जाणवतो. तरी जगाच्या आठवणीत राहिला तो रंगेल, धाडसी, नशीब काढणारा पुरुष. दस्त करून ठेवणारी, मार खाऊनही कज्जा जिंकणारी बाई इतिहासाच्या अभ्यासकांपुरती उरली. आजच्या मालिकाकारांकडे थॅकरेएवढी धारदार लेखणी असती तरी हा धोका टळला नसता, कारण ज्याच्या तोंडून गोष्ट सांगितली जाते त्याच्याकडे सहानुभूती ओढली जाते.

आता लाजेकडे येतो. २०२५ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या टीएफ१ या वाहिनीने एका स्त्रीची मुलाखत दाखवली. एका प्रसिद्ध हॉलिवूड नटाच्या नावाने कोणीतरी तिच्याशी दीड वर्षाच्या आसपास संपर्क ठेवला होता, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली रुग्णालयातली छायाचित्रं पाठवली होती आणि उपचारांसाठी म्हणून तिच्याकडून ८ लाख ३० हजार युरो काढले होते. हा पैसा मुख्यतः तिला घटस्फोटात मिळालेला होता. तिने चेहरा लपवला नाही. दुसऱ्यांनी सावध व्हावं म्हणून ती बोलली. काही तासांत तिच्यावर विनोदांचा पाऊस सुरू झाला. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबने आपल्या अधिकृत खात्यावरून तिची थट्टा केली आणि मग माफी मागितली. छळ इतका वाढला की वाहिनीला तो कार्यक्रमच मागे घ्यावा लागला.

त्या आठवड्यात अशाच जाळ्यात सापडलेल्या किती बायकांनी आणि पुरुषांनी तो तमाशा पाहिला असेल आणि पोलिसांकडे जाण्याचा विचार सोडून दिला असेल, हे कधीच मोजता येणार नाही. पण तसं झालंच नसेल असं मानणं मला शक्य नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही रीत भामट्याला फार सोयीची आहे. फसवलेली बाई तक्रार न करता घरी बसली तर त्याच्यावर खटला नाही, त्याचं नाव बाहेर नाही, आणि पुढच्या बाईला सावध करणारं कोणी नाही. शिवाय गप्प बसलेल्या बाईला पुन्हा लुटता येतं. "तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो" असं सांगणारा वकील, तपास अधिकारी किंवा बँकेचा माणूस काही महिन्यांनी तिला फोन करतो, आणि अनेकदा तो त्याच टोळीचा असतो. कोणालाच काही सांगितलेलं नसल्यामुळे खात्री करून घ्यायला ती जाणार कोणाकडे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

क्लाटन यांच्या प्रकरणात हे चक्र तुटलं, ते त्यांनी लाज पत्करली म्हणून. स्गार्बीने आणखी पैसे काढण्यासाठी गुप्तपणे केलेल्या चित्रीकरणाची धमकी दिली. त्या विवाहित होत्या, घराणं प्रसिद्ध, उद्योग मोठा. दडपून टाकण्याची सगळी कारणं आणि साधनं त्यांच्याकडे होती. २००८ च्या सुरुवातीला त्या पोलिसांकडे गेल्या. त्याला अटक झाली आणि मार्च २००९ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्याला सहा वर्षांची शिक्षा दिली. आणखी काही स्त्रियांना त्याने लुटल्याचंही त्या खटल्यात पुढे आलं. अशा बायका आधी उघडपणे बोलू शकल्या असत्या तर हे प्रकरण कदाचित क्लाटन यांच्यापर्यंत पोचलंच नसतं. अशा बायका का बोलत नाहीत, हे वर सांगितलेल्या फ्रेंच स्त्रीच्या अनुभवावरून कळतं. क्लाटन यांचं हे पाऊल मला कोणत्याही पडद्यावरच्या सूडकथेपेक्षा मोठं वाटतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. जगात भुकेली माणसं असताना कोट्यधीश बाईने प्रियकरावर उधळलेल्या पैशांचं आपण दुःख का करायचं? माझं उत्तर असं, की तिच्या पैशांचं दुःख करायची सक्ती कोणावर नाही. पण या गुन्ह्यातली कोट्यधीश बाई हा अपवाद आहे, आणि मालिकांनी तोच नियम म्हणून आपल्या मनात बसवला आहे. अमेरिकेत ग्राहकांच्या हिताचं काम पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे २०२२ मध्ये जवळपास ७० हजार लोकांनी प्रेमाच्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या. एकूण नुकसान १३० कोटी डॉलरच्या घरात होतं. यातल्या मधल्या तक्रारदाराचं नुकसान होतं ४,४०० डॉलर. म्हणजे निम्म्या लोकांनी त्याहून कमी गमावलं. ही नोकरदारांची शिल्लक आहे, निवृत्तांची पुंजी आहे. त्यांत पुरुषही पुष्कळ आहेत. ज्या हशाची सवय आपल्याला वाड्यात राहणाऱ्या विधवेमुळे लागते, तो हशा शेवटी झेलावा लागतो एखाद्या निवृत्त शिक्षिकेला. मोनिका व्हिटी या संशोधिकेने या विषयावर बरंच काम केलं आहे. तिच्या अभ्यासात बळी पडणाऱ्यांत मध्यमवयीन, चांगल्या शिकलेल्या स्त्रियांचं प्रमाण जास्त आढळलं. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे जी मालिकांत जवळजवळ कधीच येत नाही. अशी व्यक्ती एकाच वेळी पैसा आणि नातं दोन्ही गमावते, आणि कित्येकांना नातं गमावल्याचं दुःख पैशांपेक्षा मोठं वाटतं. जो माणूस कधी अस्तित्वातच नव्हता त्याचं सुतक कसं पाळायचं? सांत्वनाला कोण येणार? एखाद्या लेखकाने एवढ्या एका अवस्थेवर पूर्ण भाग लिहिला तर मी तो पुन्हा पुन्हा पाहीन.

भामट्याचं चित्रही आता जुनं झालं आहे. रेशमी शर्टातला एकटा शिकारी अजूनही आहे. सायमन लेविएव्हने हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा असल्याची बतावणी करून युरोपात जे केलं, ते जगाने पाहिलं. फिनलंडमध्ये त्याला बायकांना फसवल्याबद्दल आधीच शिक्षा झालेली होती. २०१९ मध्ये इस्रायलमध्ये जुन्या गुन्ह्यांसाठी पंधरा महिन्यांची शिक्षा झाली आणि काही महिन्यांतच तो सुटला. पण आज या धंद्याचा मोठा हिस्सा कारखान्यासारखा चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना डांबून ठेवून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करवून घेतली जात असावीत. चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेलेली तरुण मुलं, काढून घेतलेले पासपोर्ट, ठरवून दिलेलं रोजचं लक्ष्य, ते न गाठल्यास मारहाण. रात्री दोन वाजता एखाद्या बाईला "जेवलीस का?" म्हणून विचारणारा संदेश कदाचित अशा एका कैद्याने, भिंतीवर चिकटवलेल्या मजकुरातून बघून लिहिलेला असतो. दोन्ही टोकांना लुटली गेलेली माणसं आणि मधला पैसा तिसऱ्याच्या खात्यात. केवढं मोठं नाट्य आहे यात! पण त्याला आरसा आणि देखणा नट लागत नाही, म्हणून बहुधा कोणी त्यावर पैसे लावायला तयार नसावं.

त्याऐवजी आपल्याला मिळतं ते सहाव्या-सातव्या भागातलं वळण: भामटा सावजाच्या खरोखरच प्रेमात पडतो. हे वळण मला खोटं आणि अपायकारक वाटतं. खऱ्या आयुष्यात फसवलेल्या बाईला जी शेवटची आशा भामट्याशी बांधून ठेवते ती नेमकी हीच असते. पुरावे समोर असतात, मुलीने सगळं उलगडून दाखवलेलं असतं, तरी मनात एक कोपरा म्हणत राहतो की सुरुवात खोटी असेल, पण पुढे त्याला माझ्याबद्दल काही वाटलं असेल. त्या कोपऱ्यावर भामट्याचा शेवटचा हप्ता अवलंबून असतो. मालिका जेव्हा त्या आशेला खरं ठरवते, तेव्हा ती नकळत त्याचं काम करते. सूडाची कथाही मला फारशी पटत नाही, कारण तिच्यात बाईला न्याय मिळतो तो तिने भामट्याहून मोठी भामटी बनल्यावर. तिने सरळ राहून न्याय मिळवावा, ही अपेक्षा पटकथेने सोडूनच दिलेली असते.

मग नुकसान कोणी सोसायचं? हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम लागू झाला आहे: फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने देशांतर्गत खात्यात स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले, तरी बँकेने ते परत द्यायचे. कमाल मर्यादा ८५ हजार पौंड. भार अर्धा पाठवणाऱ्या बँकेवर आणि अर्धा पैसे स्वीकारणाऱ्या बँकेवर. मला यातली दुसरी अर्धी बाजू फार महत्त्वाची वाटते. बाईने पैसे का पाठवले यावर जग चर्चा करतं. ज्या खात्यात ते पोचले ते खातं कोणी उघडलं, कोणत्या कागदांवर उघडलं, दोन आठवड्यांपूर्वी रिकामं असलेल्या खात्यात एकाएकी लाखोंची आवक होऊन लगेच सगळे काढले गेले तेव्हा कोणाला प्रश्न का पडला नाही, हे कोणी विचारत नसे. पैसे फिरवायला दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या खात्यांशिवाय हा धंदा एक दिवस चालणार नाही. आता स्वीकारणाऱ्या बँकेच्या खिशाला झळ लागते, म्हणून तिला विचारावं लागतं. अशाने ग्राहक बेफिकीर होतील, असं बँका म्हणतात. जिने प्रेम, पैसा आणि स्वतःवरचा विश्वास गमावला ती परतफेडीच्या भरवशावर दुसऱ्यांदा फसायला जाईल, हे मला माणसाच्या स्वभावाशी जुळणारं वाटत नाही.

सिंगापूर आणखी पुढे गेलं. तिथे १ जुलै २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने पोलिसांना असा अधिकार मिळाला आहे की एखादी व्यक्ती फसवली जाते आहे याची त्यांना खात्री वाटत असेल आणि ती व्यक्ती समजावूनही ऐकत नसेल, तर ३० दिवसांसाठी तिच्या खात्यातून पैसे पाठवण्यावर निर्बंध घालता येतात. मुदत वाढवताही येते. रोजच्या खर्चापुरते पैसे तिला काढता येतात. यावर माझं मन बराच काळ दोन्हीकडे ओढलं गेलं. स्वतःच्या पैशांवर स्वतःचा हक्क मिळवायला बायकांना शतकं लागली, आणि आता "ती प्रेमात आहे, तिला कळत नाही" म्हणून पोलीस तिचं खातं थांबवणार? उद्या हाच अधिकार एखादा मुलगा आईच्या खऱ्याखुऱ्या जोडीदाराविरुद्ध वापरायला बघणार नाही कशावरून? ही भीती मी कमी लेखत नाही. तरी विचारान्ती मी मर्यादित मुदतीच्या निर्बंधाच्या बाजूने आहे. या गुन्ह्याची सगळी ताकद घाईत असते: आज रात्रीच, आत्ताच, विमान सुटण्यापूर्वी. महिनाभराचा अवकाश मिळाला तर खरं नातं त्या महिन्यात मरत नाही, आणि खोटं बहुतेक वेळा टिकत नाही. अट मात्र कडक हवी: निर्णय पोलिसांचा असावा, नातेवाइकांचा नव्हे, त्याविरुद्ध दाद मागता यावी, आणि मुदत संपली की शेवटचा शब्द तिचा.

हे सगळं घडायचं तर तिला आधी कोणाला तरी सांगता आलं पाहिजे. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न जर "तुम्हाला संशय कसा आला नाही?" असा आला, तर ती तिथेच अर्धी परतते. पहिले प्रश्न कामाचे असायला हवेत: पैसे कधी पाठवले, कोणत्या खात्यात, शेवटचा संदेश कधी आला, तो अजून संपर्कात आहे का. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो आणि पहिल्या काही तासांत कळवलं तर तो अडवण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आणि तिच्या वयाची, राहणीमानाची, घटस्फोटाची चर्चा त्या तासांत केली जाते. घरच्यांनीही "आम्ही सांगत होतो" हे वाक्य निदान पैसे अडवले जाईपर्यंत गिळावं. गुन्हेमालिका लिहिणाऱ्यांनी तक्रारीचा हा प्रसंग एकदा पूर्ण लांबीने लिहून पाहावा. टेबलाच्या या बाजूला बसलेली बाई, पलीकडे लिहून घेणारी अधिकारी, मध्ये तिचा मोबाइल आणि त्यातले चौदा महिन्यांचे संदेश. अधिकारी एकेक वाचत जाते, आणि तो माणूस किती चिकाटीने काम करत होता हे प्रेक्षकाला पहिल्यांदाच तिच्या बाजूने बसून दिसतं.